लग्नाच्या कॅमेऱ्याने मृगाचा किडा टिपताना

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी कुठल्याही फोटो स्टुडिओत गेलात तर तीन लेन्स हमखास दिसतील: कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५, लांबचं टिपायला घेतलेली ५५-२५० आणि नवरा-नवरीच्या पोर्ट्रेटसाठीची ५० मिमी एफ/१.८. लग्नसराई संपते, शेवटचे अल्बम पोचते होतात आणि ही सगळी सामग्री कपाटात जाते. नेमका तेव्हाच मृग लागतो. पहिल्या पावसानं काळी माती भिजली की बांधावर लाल मखमली किडे फिरायला लागतात. पऱ्हाटी, म्हणजे कापूस, चार पानांवर येते न येते तोच पानाखाली तुडतुडे आणि मावा दिसू लागतो. जवळून बघण्यासारखं एवढं सगळं सुरू होतं आणि कॅमेरा तेव्हा कुलपात असतो. हा लेख त्या कॅमेऱ्यासाठी आहे.

अडचण अशी, की या लेन्स किड्याजवळ नेल्या की अडतात. कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम सेन्सरपासून ३५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही. निकॉनची ५० मिमी एफ/१.८जी तर ४५ सेंटिमीटरवरच थांबते. एवढ्या अंतरावरून एक सेंटिमीटरचा किडा फोटोच्या रुंदीचा फार तर दहावा हिस्सा व्यापतो. अगदी जवळचं टिपणारी खास मॅक्रो लेन्स घेतली तर प्रश्न सुटतो, पण ती महाग असते आणि सुरुवात करण्यासाठी तिची गरजही नाही. आहे त्याच लेन्सला एक छोटी वस्तू जोडून पुष्कळ जवळ जाता येतं. ही वस्तू दोन प्रकारची असते. एक्सटेन्शन ट्यूब कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसते, तर क्लोज-अप लेन्स लेन्सच्या तोंडावर फिल्टरसारखी फिरवून लावतात.

यातली कोणती घ्यायची हे तुमच्याकडच्या लेन्सवर ठरतं आणि इथंच बहुतेकांची गफलत होते. आखूड लेन्सला ट्यूब, लांब लेन्सला क्लोज-अप, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. जोडी उलटी लावली तर पैसे जातात आणि फोटो जवळपास पहिल्यासारखाच येतो. पण नुसता नियम पाठ करण्यापेक्षा त्यामागचं कारण समजून घेतलेलं बरं, म्हणजे उद्या वेगळी लेन्स हातात आली तरी कुणाला विचारावं लागणार नाही.

एक भिंग, एक मेणबत्ती

घरात पोराच्या दप्तरात किंवा आजोबांच्या टेबलावर एखादं भिंग असेल ते घ्या. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ ते धरून मागेपुढे करा. एका ठरावीक अंतरावर भिंतीवर खिडकीबाहेरच्या झाडांचं उलटं, छोटं, स्वच्छ चित्र पडेल. ते अंतर म्हणजे भिंगाची फोकल लेंथ, शाळेच्या पुस्तकातलं नाभीय अंतर. समजा ते १० सेंटिमीटर आहे.

आता खोलीत अंधार करून मेणबत्ती लावा आणि ती भिंगासमोर २० सेंटिमीटरवर ठेवा. मागे धरलेल्या कागदावर ज्योत स्पष्ट हवी असेल तर कागद १० सेंटिमीटरवर चालणार नाही, तो २० सेंटिमीटरवर न्यावा लागेल. तिथं ज्योतीचं चित्र अगदी ज्योतीएवढंच दिसेल. मेणबत्ती आणखी जवळ, १५ सेंटिमीटरवर आणली तर कागद ३० सेंटिमीटरवर सरकवावा लागतो आणि चित्र ज्योतीच्या दुप्पट होतं. वस्तू जवळ येईल तसं तिचं चित्र भिंगामागे लांब जातं आणि मोठंही होतं.

कॅमेऱ्यात कागदाच्या जागी सेन्सर असतो. तो हलत नाही, म्हणून लेन्सच पुढे सरकते. फोकसची रिंग फिरवताना बहुतेक साध्या लेन्समध्ये हेच चालतं, पण सरकायची जागा मोजक्या मिलिमीटरची असते. ती संपली की लेन्स आणखी जवळचं बघू शकत नाही. यातून सुटायचे दोन मार्ग आहेत. एक तर लेन्स सेन्सरपासून आणखी लांब न्यायची, किंवा लेन्सपुढे आणखी एक भिंग ठेवून तिचं काम हलकं करायचं. पहिलं काम ट्यूब करते, दुसरं क्लोज-अप लेन्स.

मोठेपणा मोजायचा कसा

पुढे ‘एकास एक’, ‘अर्धा पट’ असं वारंवार येईल. त्याचा अर्थ सोपा आहे. किडा प्रत्यक्षात १० मिमी असेल आणि सेन्सरवर पडलेलं त्याचं चित्रही १० मिमी असेल, तर ते एकास एक. चित्र ५ मिमी पडलं तर अर्धा पट.

आपल्याकडचे बहुतेक हौशी कॅमेरे एपीएस-सी सेन्सरचे असतात. कॅननमध्ये तो सुमारे २२ मिमी रुंद असतो, निकॉन आणि सोनीत साडेतेवीसच्या आसपास, तर फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी. कंपासमधली मोजपट्टी आडवी ठेवा, लेन्स जाईल तितकी जवळ नेऊन फोटो काढा आणि फोटोच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत किती मिलिमीटर दिसतात ते मोजा. कॅननवर ४४ मिमी दिसले तर तुम्ही अर्ध्या पटावर आहात, २२ दिसले तर एकास एकवर. जाहिरातीतल्या आकड्यांपेक्षा हा आकडा भरवशाचा, कारण तो तुमच्या लेन्सचा आणि तुमच्या कॅमेऱ्याचा असतो.

ट्यूब: आत नुसती हवा

एक्सटेन्शन ट्यूब म्हणजे पोकळ कडी. एका तोंडाला कॅमेऱ्यात बसणारा माउंट, दुसऱ्या तोंडाला लेन्स बसवायचा माउंट आणि मधे काहीच नाही. आत काच नसल्यामुळे ट्यूब स्वतःहून चित्रात कसलाही दोष आणत नाही. हा तिचा मोठा गुण.

हिशोब असा. लेन्सचं फोकस अनंतावर, म्हणजे अगदी लांबच्या वस्तूवर ठेवलं, तर मिळणारा पट म्हणजे ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंथ. केन्कोचा जो संच वर्षानुवर्षं बाजारात आहे त्यात १२, २० आणि ३६ मिमीच्या तीन ट्यूब येतात. ५० मिमी लेन्सला १२ ची लावली तर जवळपास पाव पट, ३६ ची लावली तर ०.७२ पट, तिन्ही मिळून ६८ मिमी केले तर १.३६ पट, म्हणजे एकास एकच्याही पुढे. लेन्सचा स्वतःचा थोडा पट त्यात वाढतो तो वेगळाच.

आता याच ६८ मिमी ट्यूब २५० मिमीच्या लेन्सला लावा. ६८ भागिले २५०, हाती आलं ०.२७. तिन्ही ट्यूब खर्ची पडल्या आणि पाव पटाच्या किंचित वर गेलो. शिवाय पुढे जड लेन्स लोंबते आणि तिचा सगळा भार प्लॅस्टिकच्या कडीवर येतो. ५५-२५० साठी ट्यूब घेऊ नका असं मी म्हणतो ते यामुळे.

फारच आखूड लेन्सलाही ट्यूब चालत नाही. १८-५५ ही १८ वर ठेवून १२ ची ट्यूब लावली तर कागदावर पट छान दिसतो, पण फोकस होण्याची जागा लेन्सच्या काचेला जवळजवळ टेकते. तिथं किडाही मावत नाही आणि उजेडही पोचत नाही.

ट्यूबची खरी किंमत प्रकाशात मोजावी लागते. लेन्स सेन्सरपासून लांब गेली की तोच प्रकाश जास्त जागेवर पसरतो. एकास एकला लेन्स दुप्पट अंतरावर गेलेली असते, त्यामुळे सेन्सरवर चौथाई प्रकाश पोचतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). कॅमेरा एफ/८ दाखवत असला तरी प्रकाशाच्या हिशोबात ते एफ/१६ असतं (एफचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर हे आपोआप धरून चालतं, म्हणून फोटो काळा येत नाही, पण शटर मात्र मंदावतं आणि वाऱ्यावर डुलणारं पान हललेलं येतं.

विकत घेताना एक गोष्ट नीट बघा: ट्यूबच्या आत सोनेरी विद्युत संपर्क आहेत का. अगदी स्वस्त ट्यूबमध्ये ते नसतात. मग कॅमेरा आणि लेन्सचं बोलणंच तुटतं. कॅननची ईएफ लेन्स अशा ट्यूबवर पूर्ण उघडी राहते. ५० मिमी एफ/१.८ उघडी ठेवून ३६ च्या ट्यूबवर फोटो काढला तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम पाव मिलिमीटर जाड असतो. निकॉनच्या जी प्रकारातल्या बहुतेक लेन्सचं प्रकाशाचं भोक म्हणजे अ‍ॅपर्चर उलट पूर्ण मिटून जातं आणि डोळ्यापुढे अंधार येतो. एसटीएम लेन्सची फोकस रिंगसुद्धा विजेवर चालते, ती संपर्काशिवाय नुसती फिरत राहते. कॅननवर एक जुनी युक्ती आहे. लेन्स कॅमेऱ्याला थेट लावून एफ/८ ठेवायचं, डेप्थ ऑफ फील्ड (किती खोली स्पष्ट येते ते) बघायचं बटण दाबून धरायचं आणि तसंच दाबलेलं असताना लेन्स काढून घ्यायची. अ‍ॅपर्चर तिथंच अडकून राहतं. युक्ती चालते, पण शेतात उभं राहून दर वेळी हे करणं जिकिरीचं आहे. थोडे जास्त पैसे घालून संपर्क असलेलीच ट्यूब घ्या.

आणि आपल्या भागातली आणखी एक काळजी. ट्यूब बदलायची म्हणजे कॅमेरा उघडायचा. पाऊस लांबला असेल तर वावरात काळ्या मातीची धूळ सतत उडत असते आणि ती सेन्सरवर बसली की प्रत्येक फोटोत डाग दिसतात. कोणती ट्यूब लावायची ते घरूनच ठरवून, लावून निघा.

क्लोज-अप लेन्स: कॅमेऱ्याचा वाचायचा चष्मा

चाळिशीनंतर वाचायच्या चष्म्याला जो अधिक नंबर लागतो, त्याच मापात क्लोज-अप लेन्सचा नंबर सांगतात. हे माप म्हणजे डायऑप्टर. दहावीच्या विज्ञानात भिंगाची शक्ती म्हणून ते आपण शिकलेलो असतो. हजाराला नंबरानं भागलं की भिंगाची फोकल लेंथ मिलिमीटरमध्ये मिळते. +२ म्हणजे ५०० मिमी, +४ म्हणजे २५० मिमी.

किडा बरोबर त्या अंतरावर असला, की भिंगातून बाहेर पडणारे किरण समांतर होतात. मागच्या लेन्सला वाटतं वस्तू फार लांब आहे, अनंतावर. तिला पुढे सरकावं लागतच नाही. म्हणून प्रकाश घटत नाही, कॅमेरा उघडावा लागत नाही, आणि ऑटोफोकस, अ‍ॅपर्चर सगळं नेहमीसारखं चालतं.

पटाचा हिशोब इथं उलटा होतो: लेन्सची फोकल लेंथ भागिले क्लोज-अपची फोकल लेंथ. +४ चं भिंग ५० मिमी लेन्सवर लावलं तर ५० भागिले २५०, फक्त ०.२ पट. तेच भिंग २५० मिमीवर लावलं की थेट एकास एक. भिंग तेच, खर्च तोच आणि फरक पाच पटींचा. ट्यूबमध्ये फोकल लेंथनं भागायचं असतं, इथं तिनं गुणायचं असतं. आखूड-लांबचा नियम येतो तो एवढ्याच कारणानं.

दोन्ही कुठं सारखे पडतात हेही बघण्यासारखं आहे. १२ मिमीची ट्यूब आणि +४ चं भिंग ५५ मिमी लेन्सवर दोन्ही सुमारे ०.२२ पट देतात. म्हणजे कुणाकडे फक्त १८-५५ असेल, तर ती ५५ वर ठेवून यातलं काहीही लावा, मोठेपणात फारसा फरक पडणार नाही. तिथं मी क्लोज-अप निवडेन, कारण धूळ आत जात नाही आणि उजेड कमी होत नाही.

लांब लेन्सचा आणखी एक फायदा शेतात लगेच कळतो. किड्यापासूनचं अंतर भिंगाच्या नंबरावर ठरतं, मागच्या लेन्सवर नाही. +२ ला अर्धा मीटर, +४ ला २५ सेंटिमीटर. ५५-२५० वर +४ लावा, किड्यापासून वीतभर लांब बसा आणि झूम फिरवून फ्रेम लहानमोठी करा. फोकस जवळपास जागेवरच राहतं. फुलपाखरू किंवा चतुर ५० मिमी आणि ट्यूब घेऊन तोंडाशी गेलात तर उडून जाईल. त्या वीतभर अंतरावरून मात्र तुम्हाला बसू देईल.

दोष मात्र काचेचा आहे. ऑनलाइन +१, +२, +४, +१० अशा चार चकत्यांचे स्वस्त संच मिळतात. त्यांत प्रत्येकी काचेचा एकच तुकडा असतो. एकेरी भिंग वेगवेगळे रंग वेगवेगळ्या जागी एकत्र आणतं, त्यामुळे कडांना जांभळी-हिरवी झालर येते आणि चित्राचे कोपरे मऊ होतात. दोन वेगळ्या काचा चिकटवून केलेल्या भिंगात हा दोष बराच भरून निघतो. त्याला अ‍ॅक्रोमॅट म्हणतात. कॅननच्या ५००डी आणि २५०डी या क्लोज-अप लेन्स अशा आहेत, पहिली +२ ची आणि दुसरी +४ ची. याच नावांचे कॅननचे कॅमेरेही असल्यामुळे शोधताना ‘क्लोज-अप लेन्स’ हे शब्द सोबत टाका. रेनॉक्सची डीसीआर-२५० ही +८ ची आहे. ती चिमट्यानं ५२ ते ६७ मिमी तोंडाच्या कुठल्याही लेन्सवर बसते, मग कॅमेरा कोणत्याही कंपनीचा असो. २५० मिमीवर ती दुप्पट पट देते, पण किड्यापासूनचं अंतर साडेबारा सेंटिमीटरवर येतं आणि हात जराही हलून चालत नाही. पहिलंच भिंग घेत असाल तर +४ च्या आसपासचं अ‍ॅक्रोमॅट घ्या. चार स्वस्त चकत्यांपेक्षा हे एक भिंग जास्त कामाचं.

स्पष्ट पट्टा कागदाएवढा

जवळ जायचं सोपं झालं की खरी कसोटी सुरू होते. जितकं जवळ जाल तितका स्पष्ट दिसणारा भाग पातळ होतो. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ट्यूब लावून एफ/८ ला, पाव पटावर सहा मिलिमीटरच्या आसपास खोली स्पष्ट येते. अर्ध्या पटावर ती दोन मिलिमीटरवर येते. एकास एकला पाऊण मिलिमीटरही राहत नाही. किड्याचा डोळा स्पष्ट आला तर पाठ धूसर, पाठ आली तर डोळा धूसर.

मग अ‍ॅपर्चर एफ/२२ करून का टाकू नये? कारण बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळंच चित्र थोडं थोडं मऊ होतं. एकास एकवर ट्यूबसोबत एफ/८ ते एफ/११ च्या पुढे जाण्यात मला फायदा दिसत नाही, कारण खरा आकडा तेव्हाच १६ ते २२ झालेला असतो. क्लोज-अप लेन्सवर हा वाढीव हिशोब लागत नाही. तिथला एफ/१६ म्हणजे ट्यूबवरचा एफ/८, म्हणून तिथं बिनदिक्कत एफ/१६ ठेवा. ही बाब फार कमी लोक सांगतात. मग नवा माणूस क्लोज-अपवरही एफ/८ ठेवतो आणि भिंग वाईट आहे म्हणतो.

यावर माझं सांगणं आहे की सुरुवातीला एकास एकच्या मागे लागू नका. पाव ते अर्धा पट या टप्प्यात सगळ्यांत समाधानकारक फोटो येतात. किडा अख्खा येतो, त्याच्या आजूबाजूचं पानही येतं, म्हणजे तो कुठं राहतो आणि काय खातो तेही दिसतं.

फोकस करायला ऑटोफोकस बंद करा. रिंगही एकदा ठरवून सोडून द्या. त्यानंतर कॅमेऱ्यासकट स्वतः किंचित मागेपुढे व्हायचं आणि डोळा स्पष्ट दिसला की शटर दाबायचं. दोन्ही कोपरे जमिनीवर किंवा गुडघ्यावर टेकवा. जमिनीलगत काम असेल तर ट्रायपॉडपेक्षा ज्वारी नाहीतर सरकी भरलेली छोटी पिशवी बरी. तिच्यावर लेन्स रुतून बसते. डुलणारी काडी कपड्याच्या चिमट्यानं शेजारी रोवलेल्या काठीला अडकवली की वाऱ्याचा निम्मा त्रास संपतो. आणि सूर्य वर यायच्या आत जा. गारव्यात किडे सुस्त असतात, वारा पडलेला असतो आणि दव असतं.

उजेड आणि आपला लाल किडा

सकाळ गेली की फ्लॅश लागतोच. कॅमेऱ्यावरचा उघडा फ्लॅश भुंग्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा ठिपका पाडतो आणि आखूड लेन्स जवळ असेल तर तिचीच सावली किड्यावर येते. फ्लॅशपुढे बटर पेपर ताणून धरा किंवा पांढऱ्या थर्माकोलच्या ताटलीवरून उजेड परतवा. पृष्ठभाग जितका मोठा आणि किड्याच्या जितका जवळ, तितका उजेड मऊ. १/२०० सेकंद, आयएसओ २०० ते ४०० यावर सुरुवात करा. लेन्सवर खर्च करण्याआधी उजेडावर मेहनत घ्या. त्यानं फोटो जास्त सुधारतो.

मृगाच्या किड्याला वेगळीच गोष्ट सांभाळावी लागते. नाव किडा असलं तरी त्याला आठ पाय आहेत. तो कोळ्यांच्या कुळातला, माइट आहे. आकार साधारण सेंटिमीटरभर, त्यामुळे अर्धा पट त्याला पुष्कळ होतो. पण तो भडक लाल आणि खालची माती काळीभोर. काळं जास्त दिसलं की कॅमेऱ्याचं मीटर फोटो उजळ करायला बघतं आणि लाल रंग पार फुटून जातो. मग मखमलीचा एकही केस वेगळा दिसत नाही, नुसता लाल गोळा दिसतो. म्हणून एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप कमी करा आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघताना लाल रंगाचा आलेख उजव्या कडेला आदळत नाही ना, एवढं तपासा. जमलं तर रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढा. त्याला उचलून ताटलीत ठेवू नका. पावसानंतर थोडेच दिवस तो वर दिसतो. भिजलेल्या मातीवर फिरताना तो जसा दिसतो, तोच खरा फोटो.

किड्यांपलीकडे

पैठणीच्या पदराचा मोर जवळून टिपला की जरीचा आणि रेशमाचा एकेक धागा कसा गुंतवलाय ते दिसतं. जुन्या घरांत चारमिनारची छाप असलेली निजामाच्या काळातली नाणी असतात, त्यांवरची झिजलेली अक्षरंही वाचता येतात. वस्तू सपाट असेल तर एकेरी क्लोज-अप भिंग टाळा, कोपरे मऊ पडतात. ५० मिमी आणि ट्यूब इथं सरस ठरते. कॅमेरा नाण्याला अगदी समांतर धरा आणि उजेड एका बाजूनं, जवळजवळ जमिनीलगत येऊ द्या, म्हणजे उठाव दिसतो.

ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांच्यासाठी: मोबाइलला चिमट्यानं लावायची जी छोटी मॅक्रो लेन्स मिळते, ती म्हणजे जास्त नंबरची क्लोज-अप लेन्सच. ती पानापासून काही सेंटिमीटरवर न्यावी लागते. मुख्य कॅमेऱ्यावरच ती नीट मधोमध बसवा आणि डिजिटल झूम वापरू नका.

पिकावरची कीड ओळखायची असेल तर

मला मॅक्रोचा सगळ्यांत मोठा उपयोग इथं वाटतो. अमेरिकन लष्करी अळीची भारतात पहिली नोंद २०१८ साली कर्नाटकात झाली आणि नंतर तिनं आपल्याकडच्या मक्यालाही गाठलं. तिची ओळख दोन खुणांवर पटते. डोक्यावर फिकट रंगाचा उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडच्या भागावर चौकोनात मांडल्यासारखे चार काळे ठिपके. पूर्ण वाढलेल्या अळीचं डोकं तीन मिलिमीटरच्या आत असतं. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यानं एकास एकवर काढलं तर तेवढ्याशा डोक्याला सातशेच्या आसपास पिक्सेल मिळतात, खूण ओळखायला ते भरपूर झाले. नुसत्या ५० मिमी लेन्सनं दीडशेच मिळतील.

मित्रकिड्यांची ओळखही अशीच पटते. ढालकिड्याची अळी मोठ्या ढालकिड्यासारखी मुळीच दिसत नाही. काळपट, लांबट, काटेरी असते आणि शेतकरी तिलाच कीड समजून फवारणी करतो. खरं तर ती मावा खाते. क्रायसोपाची अंडी पानावर केसाएवढ्या दांड्यांच्या टोकाला उभी असतात. उघड्या डोळ्यांना ती बुरशीसारखी वाटतात, अर्ध्या पटाच्या फोटोत मात्र दांडी आणि अंडं वेगळं कळतं. औषधाची बाटली उघडण्याआधी असा एक फोटो काढून बघावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या, कृषी विज्ञान केंद्रातल्या किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयातल्या कुणाला दाखवायचं असेल, तर एकाच किड्याचे दहा फोटो पाठवू नका. एक अख्ख्या झाडाचा, एक नुकसान झालेल्या पानाचा किंवा बोंडाचा, आणि मग किड्याचे दोन, वरून एक आणि बाजूनं एक. किड्याच्या एका फोटोत शेजारी मोजपट्टी येऊ द्या, नाहीतर मोठेपणाचा अंदाज लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर तो दाबून लहान केला जातो आणि मेहनतीनं मिळवलेले बारकावे तिथंच जातात, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. सोबत पीक, पेरणी कधीची, आणि याआधी काय फवारलं ते लिहा. फोटो काढताना पान उलटून खालची बाजूही घ्या. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी हे सगळे बहुतेक करून तिथंच बसलेले असतात.